हलीमाअक्का आणि शुक्रवारचे बटाटे

गेली अठ्ठावीस वर्षे धुळ्याच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टेबल मांडून मी लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. वारसाची नोंद, शिधापत्रिकेतील चुकलेले नाव, बांधाची तक्रार, विधवेचे अनुदान, असा एकही विषय नसेल ज्यावर माझी लेखणी चालली नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि माझा अर्ज हातात पडला की साहेबलोक खुर्चीत सरळ होऊन वाचतात, हे मी स्वतः खिडकीतून पाहिलेले आहे. अर्जाचा एक नियम असतो. शेवटी विनंती असावीच लागते, अन्यथा कागद फुकट जातो. प्रस्तुत लेखनाच्या शेवटी कोणतीही विनंती नाही. जिच्याकडे ती करायला हवी होती, ती व्यक्ती आता राहिली नाही.

हलीमाअक्का आमच्या गल्लीत, आमच्या समोरच्या घरात राहत. मुसलमान घरांतून त्यांना आपा म्हणत, आमच्या घरांतून अक्का, आणि त्या दोन्ही हाकांना सारख्याच तत्परतेने ओ देत. अंगाने किरकोळ, चालणे भरभर, आणि बोलणे निव्वळ आमचे अहिराणी. त्या मूळच्या भडगावच्या. पती करीममियाँ पत्र्याचे कारागीर होते. पेट्या, डबे, बेकरीचे ट्रे बनवीत. ते वारल्यावर अक्का गोधड्या शिवू लागल्या. कुराणातील अरबी अक्षरे त्या बोट ठेवून वाचीत, मात्र मराठी कागद त्यांना परका होता. त्यामुळे त्यांच्या घरी आलेले प्रत्येक पत्र, विजेचे बिल, डॉक्टरची चिठ्ठी माझ्याच मुखातून त्यांच्या कानी जाई. ही गोष्ट मी येथे मुद्दाम नमूद करून ठेवतो.

अक्कांचे एक वाक्य होते. कोणी त्यांच्या कामाची स्तुती केली की त्या मान हलवून म्हणत, "एक कसर राही गई." नरडाण्याचे एक कुटुंब लग्नाची गोधडी न्यायला आले होते. वरमाय गोधडीवरून हात फिरवीत म्हणाली, "अक्का, काय सुंदर शिवली!" अक्कांनी स्वतः होऊन एक कोपरा उलटून दाखवला. तेथे दोरा एका टाक्याला चुकला होता. पाहुण्यांना तो दिसतही नव्हता. "अहो राहू द्या, आमची रेल्वे निघून जाईल," असे ती बाई म्हणत राहिली. अक्कांनी सगळ्यांना ओट्यावर बसवले, खिचडी वाढली आणि त्यांच्यादेखत वीतभर शिवण उसवून पुन्हा घातली. रेल्वे गेलीच. वरमाय कुरकुरत होती, "असली बाई पाहिली नाही." अक्कांनी दोरा दातांनी तोडला आणि म्हटले, "आते न्या. पण तरी बी एक कसर शेच."

माझ्या अर्जांचीही त्या अशीच परीक्षा घेत. मी संध्याकाळी ओट्यावर बसून एखादा मसुदा मोठ्याने वाचीत असे. समोरून त्या ऐकत. एकदा त्यांनी विचारले, "भाऊ, इतलं लांब वाचीसन साहेब थकत नही का?" माझी पत्नी मंदाकिनी आतून हसली. मला त्या दिवशी ते रुचले नव्हते.

अक्कांना एकच मूल, रुबिना. तिचे लग्न यावलच्या मुलाशी झाले. तो मराठी शाळेत शिकलेला, अबोल स्वभावाचा, सुरतेला कापडाच्या कारखान्यात यंत्रे दुरुस्त करी. त्यांची मुलगी सना. ती सहा वर्षांची असताना रुबिना दुसऱ्या बाळंतपणात बाळासह गेली. जावई सनाला घेऊन धुळ्यास आला आणि चाळीसाव्या दिवसाचा फातिहा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, होईपर्यंत मुलीला आजीपाशी ठेवून कामावर परतला.

ती चाळीस दिवसांची गोष्ट गल्लीत अजून कोणी विसरलेले नाही. पोर रडत नसे, बोलतही नसे, आणि खात तर मुळीच नसे. अक्कांनी कळण्याची भाकरी केली, शेवभाजी केली, शिरखुर्मा केला. सना ताटाकडे पाही आणि ताट सरकवी. शेवटी चौथ्या दिवशी तिने तोंड उघडले.

"नानी, मम्मीवाले आलू."

"कसा रहातस बेटा ते?"

"चीज़वाले. ऊपर से भूरे. चम्मच डालो तो अंदर से सफ़ेद निकलता है, गरम-गरम."

एवढ्याच तपशिलावर अक्कांनी काम सुरू केले. रुबिनाच्या सुरतेच्या घरी छोटा ओव्हन होता. धुळ्यात अक्कांच्या घरी चूल, गॅसची शेगडी आणि आयुष्यभराचे खानदेशी हात. पहिल्या दिवशी त्यांनी बटाटे वांग्यासारखे विस्तवात भाजले, कुस्करले आणि सवयीने हिरवी मिरची ठेचून घातली. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आले. "इसमें मिर्ची नहीं होती, नानी." पुढच्या वेळी पांढरे म्हणून दही घातले, ते फाटले. मग पनीर कुस्करून वर पसरले. सनाने एक घास घेतला आणि प्रामाणिकपणे सांगितले, "ये तो रबड़ है." अक्का ताट उचलून आत गेल्या. मंदाकिनी सांगते की त्या मोरीपाशी उभ्या राहून स्वतःशीच म्हणत होत्या, "रुबिना इतली वरीस पोरले खावाडे आनी मी एक दिन तरी इचारं का, तू काय रांधस म्हणीसन?"

मंदाकिनीने मोबाईलवर एक चित्रफीत शोधून दिली. त्यातील बाई बटाट्याच्या पातळ चकत्या अर्धवट उकडून घेत होती, लोण्यात मैदा परतून त्यात दूध ओतीत होती, मिरपूड आणि लसूण घालीत होती, थरांवर चीज किसून दोनशे अंशांवर ठेवा म्हणत होती. अक्कांनी ती सात वेळा पाहिली आणि विचारले, "ते दोनशे म्हणजे किती लाकडं?"

आमच्या भागात दिवाळी आली, ईद आली की घरोघरचा रवा, मैदा, तूप कोपऱ्यावरच्या युसूफभाईंच्या भट्टीत नानखटाईसाठी जाते. प्रत्येक घराचा आपापला ट्रे, त्यावर आपापली खूण. अक्कांचा ट्रे करीममियाँनी शेवटच्या आजारापूर्वी बनवलेला, कोपऱ्यात खिळ्याने पाडलेली तीन भोके. तोच ट्रे त्यांनी काढला. शुक्रवारी सकाळचे पाव निघाले की नमाजासाठी भट्टी थांबते. त्या वेळी आच उतरती असते. नानखटाईच्या भट्टीत बटाटे, हे युसूफभाईंनी जन्मात ऐकले नव्हते. ते म्हणाले, "आपा, ये भट्टी है, शादी का हॉल नहीं." पण त्यांनी जागा करून दिली.

तो शुक्रवार म्हणजे फातिहानंतरचा दुसरा दिवस. ट्रे भट्टीत गेला आणि इकडे जावयाची जीप दारात आली. रात्रपाळी होती, त्याला निघणे भाग होते. अक्का त्याला विनवीत होत्या, "अर्धा घंटा बेटा, फक्त अर्धा घंटा." तो म्हणाला, "अम्मी, रास्ते में खिला दूँगा." सनाला त्याने पुढच्या सीटवर बसवले. अक्का भट्टीकडे धावल्या. युसूफभाईंनी ट्रे ओढून काढला. फडक्यात धरलेला तो तापलेला ट्रे घेऊन त्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचल्या तेव्हा जीप चौक ओलांडून गेली होती. वरचे चीज त्या वेळी नुकते तपकिरी होऊ लागले होते. त्यांच्या दोन्ही तळहातांवर भाजल्याचे फोड आले आणि ते त्यांनी कोणाला दाखवले नाहीत.

त्यानंतर दर शुक्रवारी अक्का ट्रे घेऊन जात. ओले फडके वर झाकलेले, नजर जमिनीकडे. बटाटा कोणता घ्यावा, चकती किती पातळ हवी, दुधाला उकळी कुठवर द्यावी, हे सर्व त्यांनी हाताने शोधून काढले. भट्टीची आच पाहण्यासाठी त्या चिमूटभर मैदा आतल्या फरशीवर टाकीत आणि तो किती वेळात रंग बदलतो ते ओठांत मोजीत. युसूफभाई म्हणू लागले, "मेरी भट्टी को मुझसे ज़्यादा ये पहचानती हैं. वकीलसाहब, इनकी भी एक अर्ज़ी लिख दो, उस्ताद का सर्टिफिकेट मिल जाए." मला ते वकीलसाहब म्हणत. मी हरकत घेत नसे.

पहिली वाटी आमच्या घरी येई. सांगण्यास हरकत नाही की असा पदार्थ मी पूर्वी खाल्ला नव्हता. वरचा पापुद्रा कुरकुरीत, आत मऊ, लसणाचा नुसता वास. मी म्हणालो, "अक्का, आता यात काही उणे नाही." त्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी डोके हलवले.

"एक कसर शे भाऊ."

"कोणती?"

"ते मी कशी सांगू? तिनी मायना हातनं खायेल फक्त सना शे. ती सांगी तवय खरं."

तेव्हा मला उमगले की या बाईच्या शुक्रवारांचा निकाल द्यायला साऱ्या जगात एकच अधिकारी होता आणि तो सुरतेत दुसरीच्या वर्गात बसला होता. जावयाचा फोन लागत नसे. नंबर बदलला होता की तो उचलीत नव्हता, कळायला मार्ग नव्हता. म्हणून अक्का माझ्या टेबलाशी आल्या. इतक्या वर्षांत प्रथमच त्या कचेरीपर्यंत आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"लिखा भाऊ. सना बेटा, तुनी मायनागत बटाटा आते माले जमतस असं वाटस. जमनात का नही ते तूच सांगशी. सुट्टीमा ये, ट्रे तयार शे."

"आणि पुढे?"

"पुढे काय? बठ्ठं सांगी दिधं."

मी त्यांना घरी पाठवले आणि सांगितले की मसुदा नीट तयार करतो. तो मी केला. त्या दिवशी जेवण्यास उठलो नाही. विषय लिहिला, 'नातीची भेट मिळणेबाबत'. आजीचा नैसर्गिक हक्क, मुलीचे हित, उपरोक्त परिस्थिती, असे चार परिच्छेद झाले. शेवटी लिहिले की पत्र मिळताच पंधरा दिवसांत मुलीस न पाठवल्यास पुढील कायदेशीर कार्यवाहीची सर्वस्वी जबाबदारी आपणांवर राहील. बटाट्यांचा उल्लेख मी गाळला. अशा गंभीर कागदावर बटाटे शोभत नाहीत, असे माझे त्या वेळी प्रामाणिक मत होते. संध्याकाळी अक्कांनी अंगठा उठवताना विचारले, "बटाटासनं लिखं ना भाऊ?"

मी म्हणालो, "सर्व आले त्यात, अक्का."

उत्तर तीन आठवड्यांनी आले. त्या ओट्यावर गोधडीचे दोरे निवडीत बसल्या होत्या. हात पुसून पाकीट त्यांनी माझ्याकडे दिले. "वाचा. धीरे वाचा."

कागदावर तीनच ओळी होत्या. 'कायद्याची भाषा करणाऱ्या घरी मी माझी मुलगी पाठवणार नाही. आम्ही आधीच पुष्कळ सोसले आहे. पुन्हा पत्र पाठवू नये.'

मी त्या ओळींवर बोट ठेवले आणि वाचले, "सनाची शाळा चालू आहे. तिला तुमची आठवण येते. सुटीत पाहू."

अक्कांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाल्या, "आजून एक डाव."

मी पुन्हा वाचले. आपण मघाशी नेमके काय म्हणालो होतो ते मला पूर्ण आठवेना. "सनाची शाळा चालू आहे. ती तुमची आठवण काढते. सुटीत नक्की पाठवू."

अक्का थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. "दुसरांदाव वाचं ते जास्ती चांगलं निंघनं," एवढेच बोलून त्यांनी कागदाची घडी करून तो पत्र्याच्या डब्यात ठेवला.

ती सुटी गेली. त्यानंतरची दिवाळी गेली, पुढचे वर्षही गेले. मी प्रत्येक वेळी काहीतरी कारण पुरवीत गेलो, कधी परीक्षा, कधी गोवर, कधी कारखान्याची रजा. अक्कांनी सनासाठी छोटा लाकडी पाट करून घेतला, पितळी चमचा घासून ठेवला. शुक्रवार चुकला नाही. ट्रे सहा माणसांचा, म्हणून ते बटाटे गल्लीत वाटले जात, आणि मुले ओरडत, "अक्कांचा शुक्रवार आला!" मला मात्र ती वाटी दिवसेंदिवस जड होऊ लागली. मंदाकिनीला मी सत्य सांगितले होते. ती म्हणाली, "अहो, तुम्ही दुसऱ्यांचे चुकलेले अर्ज दुरुस्त करून देता ना?"

दुसऱ्या हिवाळ्यात अक्कांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदय मोठे झाल्याचे सांगितले आणि विश्रांती घ्या म्हणाले. एका दुपारी त्यांनी मला बोलावले. पत्र्याचा डबा उघडून तोच कागद काढला. घड्यांवर तो जवळजवळ फाटला होता.

"भाऊ, एकदाव वाचा. पोरना निरोप शे, ऐकाले बरं वाटस."

मी कागद उलगडला. दोन वर्षांपूर्वी कोणती वाक्ये रचली होती, ती मला मुळीच आठवेनात. अठ्ठावीस वर्षांत माझी जीभ कागदासमोर कधी अडली नव्हती. मग मी कागदावर जे होते ते वाचले. तिन्ही ओळी वाचल्या. आवाज बाहेर पडत होता तो माझाच होता, आणि मला तो ओळखू येत नव्हता.

अक्कांच्या हातातली सुई थांबली. बाहेर भंगारवाल्याची हाक येऊन गेली.

"आनी आपण काय लिखं व्हतं?"

मी सांगितले. विषयापासून अखेरच्या इशाऱ्यापर्यंत सर्व सांगितले. बटाटे गाळले तेही सांगितले. त्या ओरडतील, घराबाहेर काढतील, अशी माझी अपेक्षा होती, किंबहुना तशी इच्छाच होती. त्यांनी सुई गोधडीत खोचली.

"म्हणजे तुमना लिखाणमा बी एक कसर राही गई, भाऊ."

बराच वेळ त्या श्वास सावरीत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "आते कागद काढा. मी सांगस तितलंच लिखा. तुमनं एक अक्षर नको."

मी तितकेच लिहिले. तीच तीन वाक्ये, त्यांच्याच अहिराणीत, विषय नाही, संदर्भ नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. दोन्ही वेळा ते शब्दशः सारखे निघाले, तेव्हाच त्यांनी अंगठा दिला. सोमवारी सकाळी मी स्वतः टपाल कचेरीत जाऊन पत्र नोंदवले. त्याच आठवड्यात, शनिवारी पहाटे, अक्का झोपेतच गेल्या.

पुढच्या गुरुवारी जावई आणि सना आले. घराला कुलूप होते आणि किल्ली आमच्याकडे होती. मंदाकिनीने दारातच सांगितले. जावई आमच्या ओट्यावर खाली बसला. त्याच्या शर्टाच्या खिशात ते पत्र होते. काही वेळाने त्याने मला विचारले, "पहिलं पत्र असं का नव्हतं, भाऊ?"

"ते मी लिहिलं होतं. हे त्यांनी लिहिलं आहे," मी म्हणालो. त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. अक्कांनी केले तसे, त्यांनी शिकवल्याप्रमाणे, मंदाकिनीने चकत्या केल्या. तीन भोकांचा ट्रे युसूफभाईंनी घेतला आणि मैदा टाकून आच पाहिली. अक्कांच्या ओट्यावर त्या छोट्या पाटावर सना बसली. पाट आता तिला लहान पडत होता. पितळी चमच्याने तिने वरचा पापुद्रा फोडला. आतून पांढरे, वाफाळलेले बाहेर आले. तिने फुंकर घालून खाल्ले, पुन्हा खाल्ले. आम्ही सर्व तिच्याकडे पाहत होतो.

मंदाकिनीने विचारले, "बेटा, मम्मीसारखे झाले का?"

सनाने चमचा खाली ठेवला. ती विचार करीत होती. मग हळू आवाजात, चूक कबूल केल्यासारखी म्हणाली, "मम्मी का कैसा था, अब याद नहीं आता." जावई उठून भिंतीपाशी गेला. तिने माझ्याकडे पाहिले. "अंकल, नानी का ऐसा ही होता था क्या?"

दोन वर्षे शुक्रवार चुकवल्याविना मी अक्कांची वाटी खाल्ली होती. या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आता माझ्याकडे आला होता, आणि असा अधिकार मी कधीही मागितला नव्हता. मी एक चमचा खाल्ला.

"असेच, बेटा. फक्त एक कसर आहे."

"कौन सी?"

मला सांगता आले नाही.

अक्कांचे शेवटचे दर्शन मला घडले ते पत्र टाकल्यानंतरच्या शुक्रवारी. डॉक्टरांनी मनाई केली असूनही त्या ट्रे घेऊन निघाल्या होत्या. मी हात पुढे केला. त्यांनी नुसते कोपराने मला बाजूला केले. गल्लीच्या नळापाशी धाप लागली, तेव्हा ट्रे नळाच्या कट्ट्यावर टेकवून त्या उभ्या राहिल्या. एका हाताने ओले फडके सारखे केले. मग वळून त्यांनी मला विचारले, "भाऊ, टपाल गयं ना?"

"गेले, अक्का," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, जसा एखादा कागद उजेडात धरून पाहतात तसे. मग मान हलवली, ट्रे उचलला आणि त्या भट्टीकडे चालू लागल्या.